चालीखाली दिलेला भार: पॉप गाणी वाजवणाऱ्या एका हेवी मेटल ट्रिब्यूट बँडचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातला बँड पाच जणांचा होता: गायक, मुख्य गिटारवादक, ऱ्हिदम गिटारवादक, बेस वाजवणारी वादक आणि ड्रमर. सगळ्यांची जडणघडण हेवी मेटलमध्ये झालेली होती आणि पाचही जण आपापल्या वाद्यावर पक्के होते. त्यांनी ठरवलेला कार्यक्रम असा, की सर्वांच्या तोंडी असलेली लोकप्रिय पॉप गाणी मेटलच्या बाजात, रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवायची. मी त्यांच्या चौथ्या कार्यक्रमापासून पुढे सुमारे दीड वर्ष ध्वनीच्या मिक्सरवर बसत होतो आणि गाण्यांच्या मांडणीतही माझा सहभाग होता. पुढचा वृत्तान्त बँडच्या संमतीने लिहिला असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

ट्रिब्यूट बँड, म्हणजे मानवंदना देणारा बँड, म्हटले, की साधारणपणे एकाच कलाकाराची गाणी जशीच्या तशी सादर करणारा संच डोळ्यांपुढे येतो. इथे गाणी एका घराण्याची आणि वाजवण्याची रीत दुसऱ्या घराण्याची असल्यामुळे मान नेमका कोणाला द्यायचा, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. तो कोणी उघडपणे विचारला नाही आणि पुढच्या बऱ्याच अडचणी तिथूनच निघाल्या. हा प्रकार नवा नाही. जुडास प्रीस्ट या मेटल बँडने लोकगायिका जोन बाएझचे ‘डायमंड्स अँड रस्ट’ १९७७मध्ये आपल्या अल्बमवर घेतले होते आणि डिस्टर्ब्ड या मेटल बँडने टीअर्स फॉर फीअर्स या पॉप बँडचे ‘शाउट’ २०००मध्ये आपल्या पहिल्या अल्बमवर घेतले. या दोन्ही ठिकाणी मूळ गाण्याची चाल ऐकणाऱ्याला लगेच सापडते, ही गोष्ट आमच्या चर्चेत पुढे फार उपयोगी पडली.

अडचण

चौथ्या कार्यक्रमात बँडने चौदा गाणी वाजवली. पहिल्या दोन गाण्यांना हशा आणि टाळ्या मिळाल्या, तिसऱ्यानंतर लोक आपसात बोलू लागले आणि सातव्या गाण्यापर्यंत रंगमंचासमोरची जागा निम्मी रिकामी झाली. वादनात चूक नव्हती. मिक्सरच्या शेजारी दोन श्रोते उभे होते. सहावे गाणे जगभर कोणालाही पाठ असावे इतके प्रसिद्ध होते आणि त्याचा मुखडा दुसऱ्यांदा चालू असताना त्यांतल्या एकाने दुसऱ्याच्या कानाशी वाकून विचारले, “हे कुठलं गाणं?” दुसऱ्यालाही सांगता आले नाही. ते गाणे मी स्वतः लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि तरीही त्या क्षणी मिक्सरवरून मला चालीचा एक सलग तुकडा ऐकू येत नव्हता, हे मला मान्य करावे लागले.

बँडचे मत वेगळे होते. श्रोते मेटलचे नव्हते, म्हणून असे झाले, असे गायकाचे म्हणणे होते. ऱ्हिदम गिटारवादकाला आवाज कमी पडला असे वाटत होते. सुदैवाने त्या रात्रीचे प्रत्येक वाद्याचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण मिक्सरमधून घेतलेले होते. दोन दिवसांनी सगळे एकत्र बसलो आणि एकेक वाद्य बंद करत, पुन्हा सुरू करत ते सहावे गाणे ऐकले. दोन्ही गिटार बंद केल्यावर गाणे ओळखू आले. ऱ्हिदम गिटार एकटीच सुरू केल्यावर ते पुन्हा हरवले. या वीस मिनिटांनी जेवढे काम केले तेवढे आधीच्या महिन्याभराच्या वादाने केले नव्हते.

कारणांचा शोध

पहिले कारण लय. मूळ गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे होते आणि बँड ते १५०वर वाजवत होता. चार मात्रांचे सोळा आवर्तनांचे कडवे १२०च्या लयीत ३२ सेकंद चालते, १५०च्या लयीत सुमारे साडेपंचवीस सेकंदांत संपते. शब्द तेवढेच राहतात आणि श्रोत्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. गाणे लोकांना ज्या चालीत पाठ असते त्या चालीत श्वासाच्या जागाही पाठ असतात. त्या हलल्या, की सोबत गाणारा पहिल्याच ओळीत मागे पडतो आणि गप्प होतो.

दुसरे कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मेटलची ऱ्हिदम गिटार पॉवर कॉर्डवर उभी असते आणि पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम (सा आणि प). गंधार (ग) त्यात नसतो. हे केवळ आवडीने घडलेले नाही. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणाऱ्या प्रक्रियेतून, दोन सूर एकत्र गेले, की त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीएवढा तिसरा सूर तयार होतो. ११० हर्ट्झच्या षड्जावर गिटारचा पंचम सुमारे १६४.८ हर्ट्झ येतो, वजाबाकी ५४.८, म्हणजे जवळजवळ बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. त्यामुळे आवाज भरदार होतो. त्याच षड्जावर शुद्ध गंधार सुमारे १३८.६ हर्ट्झ येतो आणि वजाबाकी २८.६ राहते, तर दोन सप्तके खालचा षड्ज असतो २७.५ हर्ट्झ. गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका अर्धस्वराचे १०० सेंट) चढा असतो, आणि तो चढेपणा डिस्टॉर्शनमध्ये असा मोठा होऊन खाली घरघर निर्माण करतो. म्हणून मेटलच्या वादकाने गंधार टाळणे हे शहाणपणाचेच असते.

पण पॉप गाण्याचा सगळा गोडवा गंधारात असतो. गाणे आनंदी आहे की उदास, हे तो एक सूर सांगतो. ऱ्हिदम गिटार षड्ज-पंचम वाजवत होती, बेस षड्जावर होता, मुख्य गिटार जोडीने तेच षड्ज-पंचम दुप्पट करत होती आणि गायक अर्धी ओळ खरखरीत आवाजात, सुराविना म्हणत होता. गंधार कोणाकडेच नव्हता. मूळ ध्वनिमुद्रणात तो सिंथेसायझर आणि मागच्या गायिका मिळून धरून ठेवतात, आणि आमच्या मांडणीत या दोघांचीही जागा कोणी घेतलेली नव्हती.

तिसरे कारण पट्टीचे. ऱ्हिदम गिटार ड्रॉप सी या जुळणीत होती, म्हणजे सर्वांत खालची तार सुमारे ६५.४ हर्ट्झवर, नेहमीच्या जुळणीत ती ८२.४ हर्ट्झवर असते. मोकळ्या जाड तारेवर पाम म्यूट, म्हणजे तळहाताने तार किंचित दाबून काढलेला आखूड ठोका, सर्वांत दणकट वाजतो, म्हणून चौदाही गाण्यांचा षड्ज ओढूनताणून त्याच तारेवर आणलेला होता. परिणामी काही गाणी गायकाच्या गळ्याला फार खाली गेली, काही फार वर गेली, आणि चौदा गाणी एकाच पट्टीत ऐकणाऱ्याचा कान अर्ध्या तासात कंटाळला.

चौथे कारण ध्वनीचे. गिटारच्या अँपचा (ध्वनिवर्धकाचा) कडक भाग २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात होता, आणि शब्द स्पष्ट ऐकू येण्यासाठी आवाजाला नेमका तोच पट्टा लागतो.

विचारात घेतलेले पर्याय

कार्यक्रम ठरवणाऱ्या व्यक्तीने विनोदाचा मार्ग सुचवला: झगमगीत पोशाख, नृत्याच्या नकला आणि गाण्यांचे शब्द बदलून केलेली थट्टा. या मार्गाने तिकिटे खपतात, हे तिचे म्हणणे खरे होते. पण पहिली दोन गाणी हशावर गेली होती आणि तिसऱ्याला तो हशा संपला होता, याचा अर्थ हशा नव्वद मिनिटे पुरत नाही. शिवाय शब्द बदलले, की ते मूळ गाण्याचे सादरीकरण राहत नाही. त्यासाठी हक्कधारकाची वेगळी परवानगी लागू शकते. माझा आक्षेप याहून साधा होता. ज्या गाण्याची थट्टा करायची त्याची मांडणी कोणी जिवापाड करत नाही, आणि या बँडला तेच करणे भाग होते.

दुसरा पर्याय मेडलीचा होता: प्रत्येक गाण्याचा फक्त ओळखीचा मुखडा घ्यायचा आणि अर्ध्या मिनिटात पुढच्या गाण्यावर जायचे. ओळख पटवण्याचा प्रश्न यात सुटतो. पण मेटलची ताकद हळूहळू साचत जाणाऱ्या ताणात आहे आणि अर्ध्या मिनिटात काहीही साचत नाही. हा पर्याय आम्ही एका मेडलीपुरता ठेवला.

तिसरा पर्याय डिस्टॉर्शन काढून सौम्य रॉक वाजवण्याचा होता. त्यावर ड्रमर म्हणाला, “मग हे आपणच का वाजवायचं?” त्या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते, म्हणून तो पर्याय तिथेच संपला. पॉप सोडून स्वतःची गाणी वाजवावीत, असे ऱ्हिदम गिटारवादकाला मनापासून वाटत होते. त्याचे म्हणणे त्या बैठकीत कोणी नीट ऐकून घेतले नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

शेवटचा पर्याय प्रत्येक गाण्याची मांडणी चालीपासून नव्याने करण्याचा होता. चाल, तिची लय आणि तिचा गंधार यांना हात लावायचा नाही आणि मेटलचा सगळा भार चालीच्या खाली द्यायचा, चालीवर टाकायचा नाही. यासाठी कार्यक्रम दोन महिने थांबवावे लागणार होते. चार विरुद्ध एक मताने हे ठरले, आणि आधी तीनच गाण्यांवर प्रयोग करावा, असेही ठरले: एक द्रुत नृत्यगीत, एक उदास वळणाचे सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर उभे असलेले पॉप) गाणे आणि एक संथ प्रेमगीत.

केलेली कामे

सिंथ-पॉपचे गाणे दोन तालमींत बसले. कोमल गंधाराची चाल मेटलच्या अंगाला मुळातच मानवते आणि सिंथेसायझरची ओळ दोन गिटारांनी वर-खाली वाटून घेतली, की ती मेटलमधल्या जोडगिटारांच्या ओळखीच्या बाजात आपोआप जाऊन बसते.

नृत्यगीताने खरा कस पाहिला. लय मूळच्या १२०वर आणायची, तर वेग कुठे दाखवायचा, हा ड्रमरचा रास्त प्रश्न होता. उत्तर पायांत सापडले. १२०च्या लयीत मात्रेचे चार भाग केले, तर डबल किकचे, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेल्या मोठ्या ड्रमचे, सेकंदाला आठ ठोके होतात. वर हातांनी मूळ ठेका जसाच्या तसा ठेवला, की श्रोता हातांच्या ठेक्यावर नाचतो आणि छातीत पायांचा दणका बसतो. तोच दणका कडव्यात काढून घेऊन मुखड्याच्या पहिल्या मात्रेवर सोडला, तेव्हा गाणे न पळताही धावल्यासारखे वाटले.

याच गाण्यात सर्वांत नाजूक निर्णय घ्यावा लागला. शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार लावला, तर आनंदी गाणे तत्काळ काळोखे होते आणि काहीही कष्ट न घेता मेटल वाटू लागते. बँडने जुन्या मांडणीत दोन गाण्यांना हा उपाय केला होता. मुख्य गिटारवादकाला तो सोडवत नव्हता. मी सुचवले, की वाद्ये बाजूला ठेवून नुसता मुखडा सर्वांनी मिळून म्हणून पाहावा. म्हणताना पाचही जणांच्या तोंडून दोन्ही वेळा शुद्ध गंधारच आला. हात जे वाजवत होते ते गळा मानत नव्हता. श्रोत्यांच्या गळ्याचेही हेच होणार होते. नृत्यगीताचा शुद्ध गंधार परत आणला. दुसऱ्या गाण्याचे शब्दच विरहाचे होते आणि कोमल गंधाराने त्यांना नवा अर्थ येत होता, म्हणून तिथे तो कडव्यापुरता ठेवला व मुखडा मूळ चालीत सोडला.

मग गंधार धरायचा कोणी? ऱ्हिदम गिटारने षड्ज-पंचम सोडायचे नाहीत, मुख्य गिटारने वरच्या तारांवर एकेकटा गंधार लांबवायचा, हे सहज ठरले. एकेकटा सूर डिस्टॉर्शनमधून स्वच्छ जातो, घरघर दोन सूर एकत्र गेल्यावरच होते. पण गळ्यातला गंधार हवा होता आणि गायकाची स्वतःची ओळ वेगळी होती. बेस वाजवणारी वादक तालमीत नकळत गुणगुणत असे. एका संध्याकाळी तिच्यापुढे माइक सरकवला आणि मुखडा पुन्हा घेतला. पहिल्या ओळीनंतर ऱ्हिदम गिटारवादकाने हात थांबवून मागे वळून पाहिले. आठ महिने ती त्या बँडमध्ये होती आणि तिला गाता येते का, हे कोणी विचारलेले नव्हते. त्या दिवसापासून प्रत्येक मुखड्यात तिचा आवाज आहे.

पट्टी ठरवण्याची रीत उलटी केली. आधी मुखड्यातला सर्वांत वरचा सूर काढायचा, गायक तो मोकळ्या गळ्याने कुठे लावतो ते पाहायचे, त्यावरून पट्टी धरायची आणि गिटारची जुळणी शेवटी ठरवायची. गाणी ड्रॉप सी आणि ड्रॉप डी अशा दोन गटांत पडली; ड्रॉप डीमध्ये खालची तार ७३.४ हर्ट्झवर असते. प्रत्येक गाण्यामागे तारा जुळवत बसण्याची शांतता टाळण्यासाठी कार्यक्रमाचे दोन भाग केले आणि मध्ये एकदाच गिटार बदलल्या. ज्या गाण्यांचा षड्ज मोकळ्या तारेवर येत नव्हता तिथे दणका थोडा कमी झाला, तो आम्ही पत्करला.

गायकाचा खरखरीत आवाज पूर्णपणे काढण्याच्या मी विरोधात होतो, कारण त्याच्या गायकीचा जीव त्यात आहे. ओळीच्या शेवटच्या शब्दावर, कडवे संपून मुखडा येण्याच्या उंबरठ्यावर आणि मधल्या वाद्यखंडानंतर तो ठेवला. चाल वाहून नेणाऱ्या शब्दांवर मात्र स्वच्छ सूरच लावायचा, असे ठरले.

ध्वनीच्या बाजूने दोन्ही गिटारांचा गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती द्यायचे ते ठरवणारी पातळी, जवळपास एक तृतीयांशाने उतरवला. याला तालमीत कडाडून विरोध झाला, कारण एकट्या खोलीत वाजवताना जास्त गेन भव्य वाटतो. दोन गिटार, बेस आणि झांजा एकत्र आल्यावर तोच गेन प्रत्येक ठोक्याची धार बोथट करतो. गेन कमी केल्यावर पाम म्यूटचा ठोका वेगळा, टणक ऐकू आला आणि वादकांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर विरोध मावळला. गिटारचा २ ते ३ किलोहर्ट्झचा पट्टा मुखड्यात किंचित खाली घेतला आणि वादकांना स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून रंगमंचावर ठेवलेले मॉनिटर स्पीकर काढून कानात घालायचे इन-इअर आणले.

यातून आवाजाची पातळीही उतरली. आधी मिक्सरच्या जागी पंधरा मिनिटांची सरासरी १०३ ते १०४ डेसिबल येत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात कार्यक्रमस्थळांसाठी ही सरासरी जास्तीत जास्त १०० डेसिबल असावी, असे सांगितले आहे. कामाच्या ठिकाणी प्रचलित असलेल्या एका हिशेबाने ८५ डेसिबल आठ तास चालतात, दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. म्हणजे १०४ डेसिबलच्या नव्वद मिनिटांत वादक आणि पुढच्या रांगेतले श्रोते काय गमावत होते, याचा विचार आधीच व्हायला हवा होता. नव्या मांडणीत आम्ही ९८च्या आसपास राहिलो.

निष्पत्ती

दोन महिन्यांनंतरच्या पहिल्या कार्यक्रमात नृत्यगीत चौथे ठेवले होते. शेवटच्या मुखड्यात डबल किक, बेस आणि दोन्ही गिटार एकाच मात्रेवर थांबवून फक्त हातांचा ठेका ठेवायचा, असे ठरले होते. ती मात्रा आली, वाद्ये थांबली, आणि समोरून मुखडा ऐकू आला, शुद्ध गंधारासकट. गायकाने माइक खाली घेतला. पुढच्या आवर्तनाला सगळी वाद्ये परत आली तेव्हा लोकांचा आवाज त्यांच्याही वर राहिला. मी त्या रात्री मिक्सरवरच्या कोणत्याही कळीला जवळजवळ मिनिटभर हात लावला नाही.

त्यानंतरच्या कार्यक्रमांत रंगमंचासमोरची जागा शेवटपर्यंत भरलेली राहू लागली आणि आधी पाऊण तास देणाऱ्या आयोजकांनी दीड तास दिला. सगळे मात्र मनासारखे झाले नाही. केवळ मेटल ऐकायला येणाऱ्या काही श्रोत्यांना नवी मांडणी मऊ वाटली आणि ते यायचे थांबले. ऱ्हिदम गिटारवादकाने पाच महिन्यांनी बँड सोडला.

काय वेगळे करता आले असते

ऱ्हिदम गिटारवादकाचे जाणे टाळता आले असते, असे मला आजही वाटते. त्याचे मत चार विरुद्ध एक असे मोजले गेले आणि तिथेच सोडले गेले. नव्या मांडणीत सर्वांत जास्त त्याग त्याच्याच वाट्याला आला: गेन त्याचा उतरला, आवडती पट्टी त्याची गेली. दोन गाण्यांमधले वाद्यखंड त्याच्या स्वतःच्या रचनेचे ठेवले असते, तर कार्यक्रमाचे काही बिघडले नसते. हे सुचले तेव्हा तो गेलेला होता.

दुसरी चूक हक्कांबाबतची. प्रत्यक्ष सादरीकरणाचा परवाना सहसा कार्यक्रमस्थळ हक्कसंस्थेकडून घेते आणि वाजवलेल्या गाण्यांची यादी संस्थेला दिली, की गीतकार-संगीतकारांचे मानधन त्यांच्यापर्यंत जाते. आमच्या याद्या नियमित जात होत्या. पण त्या परवान्यात चित्रफीत प्रसिद्ध करण्याचा हक्क येत नाही, हे तपासण्याआधीच नृत्यगीताची चित्रफीत लावली गेली आणि हक्कधारकाच्या दाव्यानंतर ती काढावी लागली. ज्यांच्या गाण्यांना मान द्यायचा त्यांनाच विचारायचे राहून गेले, याचे मला वाईट वाटले.

तिसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक वाद्याचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण पहिल्या तीन कार्यक्रमांतही घेता आले असते आणि ते ऐकायला वीस मिनिटेच लागली असती.

प्रयोगातले तिसरे गाणे, ते संथ प्रेमगीत, अद्याप कार्यक्रमात आलेले नाही. सात मांडण्या झाल्या. आठव्या मांडणीत कडवे फक्त बेस आणि बेस वाजवणारीच्या गळ्यावर ठेवले आहे आणि ते सुरेख झाले आहे. गिटारांनी मुखड्याच्या पहिल्या मात्रेवर यावे की शब्द संपल्यावर पाचव्या मात्रेवर, याबद्दल ड्रमर आणि मुख्य गिटारवादक यांचे अजून एकमत झालेले नाही.